झाकणाची मुरड

प्रिय ताई,

पाकीट बघून तू आधी भावोजींना हाक मारणार, अहो, शेंडेफळाचा फोन बिघडला वाटतं, पत्र पाठवलंय. फोन बिघडलेला नाही. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी वाचा बसते, एवढंच. गेल्या चार आठवड्यांत आपण पाच-सहा वेळा बोललो. दर वेळी तू माझ्या पाठदुखीची चौकशी केलीस, भावोजींच्या गुडघ्याचं सांगितलंस आणि बरं, ठेवते, म्हणालीस. त्या रविवारबद्दल चकार शब्द नाही. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं गं. लहानपणी मी तुझी पेन्सिल हरवली तरी तू दोन धपाटे घालून मोकळी व्हायचीस. आता धपाटा नाही, तक्रार नाही, नुसती चौकशी. ती मला झेपत नाही. म्हणून सगळं लिहायला बसलेय, तुला माहीत असलेलंही आणि नसलेलंही. राग आला तरी मधेच फाडू नकोस, कारण शेवटी तुझ्याकडे एक काम आहे.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही, आणि मीही कधी नीट सांगितलं नाही. संग्रहालय म्हटलं की लोकांना तलवारी, मूर्ती नाहीतर नाणी आठवतात. आमच्याकडे सगळा घरगुती पसारा: खुर्च्या, टेबलावरचे दिवे, कात्र्या, रेडिओ, शिलाई यंत्रं. कुणीतरी डोकं लावून आधी कागदावर काढलेल्या आणि मग कारखान्यातून हजारोंनी निघालेल्या वस्तू. त्या कशावर ठेवायच्या, किती उंचीवर, तोंड कुठल्या बाजूला, दिवा किती मंद, हे मी बघते आणि शेजारची पाटी लिहिते. पाटी चाळीस शब्दांची, त्याहून जास्त उभ्याने कुणी वाचत नाही. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा सगळीकडे फिरून म्हणाली होतीस, अगं, ह्या वस्तू आजारी आहेत का? मंद दिवा काय, गारवा काय, मोठ्याने बोलायचं नाही, हात लावायचा नाही आणि लोक भेटीला आल्यासारखे हात मागे बांधून उभे! मी हसले होते. पण हसता हसता इकडेतिकडे बघितलंही होतं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. ते तुला दिसलं असणार. तुला काय दिसत नाही!

किटलीची गोष्ट तुलाच सांगायची म्हणजे काखेत कळसा असणारीला कळशाचा पत्ता सांगण्यासारखं. पण जिथे लिहायला हवी होती तिथे मी ती लिहिली नाही, म्हणून इथे लिहू दे. मी सातवीत होते. तू कारखान्यात अगदी शेवटच्या बाकावर, तपासणीला. किटलीत पाणी भरायचं, उकळायचं, ओतून बघायचं, गळत नसेल तर पुढे सरकवायची. कारखान्याच्या रचनाकार साहेबांनी कागदावर काढलेली ती नवी किटली दिसायला राजबिंडी होती. गोल पोट, आखूड तोटी आणि झाकण तर असं चपखल की सांधा दिसू नये. पण शेवटचा कप ओतायला जरा जास्त वाकवली की ते चपखल झाकण सुटून पडायचं आणि वाफेचा लोट थेट हातावर. तुझं मनगट भाजलं तेव्हा आई दोन दिवस कारखान्याच्या नावाने बोटं मोडत होती आणि तू मलम लावलेल्या हाताने घरातले डबे उघडत-मिटत बसली होतीस. आईला वाटलं, पोरीला भाजल्याचा धसका बसला. तिसऱ्या दिवशी कामावर जाऊन तू पक्कड घेतलीस आणि झाकणाची आतली कड मुठीच्या बाजूला, नखाएवढी, बाहेर मुरडलीस. ती बाजू आधी आत सरकवायची, मग झाकण दाबायचं. मुकादम धावत आला, माल नासलास म्हणून ओरडला. तू थंड पाणी भरलेली किटली त्याच्या बुटांवर उलटी धरलीस. बूट भिजले, झाकण जागचं हललं नाही. महिन्याभरात सगळी झाकणं छापातूनच तशी मुरड, कारखान्याच्या भाषेत खाच, घेऊन यायला लागली आणि ती तुझी नासलेली पहिली किटली मुकादमाने तुलाच देऊन टाकली. माझी शाळा, कॉलेज, तुझं लग्न, सगळा चहा तिच्यातून ओतला गेला.

आता मी काय केलं ते. ह्या नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं की घरगुती वस्तूंची आवड कुठून आली. मी आपल्या किटलीबद्दल इतकं सुंदर बोलले की समोरच्यांनी माना डोलावल्या. तिचं पोट, तिची तोटी, तिच्यावर पडणारा उजेड. तुझं नाव काढलं नाही. पुढे कुणीतरी विचारलं, तुमची बहीण काय करते, तर मी म्हणाले, किटलीच्या कारखान्यात अधिकारी होती. का म्हणाले? माझ्या इथल्या लोकांच्या घरी लहानपणापासून त्या खुर्च्या होत्या गं, ज्या आम्ही आता काचेत ठेवतो. ते सहज सांगतात, आजोबांनी आणली होती, आत्या हिच्यावर बसून वाचायची. मी काय सांगणार होते, की माझी बहीण दिवसाला तीनशे किटल्या उकळायची आणि घरी आली की तिच्या केसांना कारखान्याच्या तेलाचा वास यायचा? हो, तेच सांगायला हवं होतं. त्या वासाच्या कुशीत मी झोपलेय. पण तेव्हा माझी जीभ वळली नाही आणि एकदा न वळलेली जीभ अकरा वर्षं तशीच राहिली. जनाची लाज धरता धरता मनाची कधी गेली, कळलं नाही.

मग वर्षभरापूर्वी साहेबांच्या कामाचं प्रदर्शन ठरलं. पहिल्या खेपेतली किटली कुठेच मिळेना, कारण लोकांनी हात भाजून घेतले आणि त्या भंगारात घातल्या. मी बढाईने म्हणाले, मी आणते. तुला मागितली तेव्हा तू एका शब्दाने विचारलं नाहीस की कशाला. चिंचेने घासलीस, जुन्या चादरीत गुंडाळलीस आणि वर मलाच बजावलंस, मुरडीला धक्का लागू देऊ नकोस. भावोजी म्हणाले, आता आम्ही चहा कशातून प्यायचा, संग्रहालयात येऊन? तर तू म्हणालीस, पातेल्यातून प्या, माझी किटली काचेत बसणार आहे. कारखाना बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी तुझ्या बाकावरच्या तिघींना, लंबीला, चष्मेवालीला आणि बडबडीला, तू फोन करून करून सांगितलंस. त्या वेळी मी इथे अर्ज भरत होते. त्यात देणगी देणाऱ्याचं नाव लिहायची जागा असते. मी लिहिलं, खासगी संग्रहातून. आणि खाली सही माझी.

पण तेवढ्यावर भागलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. आमच्याकडे वस्तूंची डागडुजी करणारे एक गृहस्थ आहेत. पांढरा अंगरखा घालतात आणि वस्तूंना हळू आवाजात काहीबाही बोलतात, म्हणून आम्ही त्यांना डॉक्टर म्हणतो. डागडुजीचा त्यांचा एक कडक नियम आहे. वस्तूवर जे मुद्दाम केलेलं आहे त्याला हात लावायचा नाही. जे अपघाताने झालंय ते, जमत असेल तर, पूर्ववत करायचं. म्हणून प्रत्येक पोच्याबद्दल, चऱ्याबद्दल ते विचारतात, मुद्दाम की अपघात? त्यांनी तुझं झाकण भिंगाखाली धरलं आणि संग्रहालयाच्या प्रमुखबाईंच्या समोर मला विचारलं, पहिल्या खेपेच्या झाकणाला खाच नसते, मग हे काय? मुद्दाम की अपघात? ताई, मला फक्त एक शब्द बोलायचा होता. पण तो बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता की तुम्हाला कसं माहीत. आणि मग बाक, मनगट, पक्कड आणि माझा अकरा वर्षांचा अधिकारी, सगळं टेबलावर आलं असतं. शिवाय साहेबांवरची माझी पाटी लिहून छापायला गेली होती. तिच्यात मीच लिहिलं होतं, झाकण त्यांनी पुढच्या खेपेत खाच देऊन स्वतः सुधारलं. मी म्हणाले, पडली असेल कधीतरी. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर धातूवर असे दात उमटत नाहीत. मी म्हणाले, मग घरी कुणीतरी ठोकाठोकी केली असेल. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मी खिडकीकडे.

दोन दिवसांत त्यांनी ती सरळ केली. हात इतका हलका की बोट फिरवलं तरी कळू नये. मुठीखालचा काळा डाग मात्र त्यांनी तसाच ठेवला. आठवतो ना, माझ्या दहावीच्या अभ्यासात मी किटली गॅसवर विसरले होते आणि तू पहिल्यांदा माझ्यावर खरोखरची ओरडली होतीस? तो डाग म्हणजे म्हणे वापराची खूण, तो जपायचा. माझा वेंधळेपणा जपला गेला आणि तुझी अक्कल पुसली गेली. आणि मग मी, हो मीच, ती किटली छातीएवढ्या उंचीवर ठेवली, तोटी डावीकडे, वरून एकच दिवा, मागे फिकट भिंत. फार सुंदर दिसली. वर्तमानपत्रातही फोटो आला.

पास मी चार पाठवले होते, तरी मला वाटलं होतं, तू एकटी येशील, तुझ्या डोळ्यांना हल्ली जवळचं कमी दिसतं, निभावून जाईल. चोराचे हिशेब असेच असतात. त्या रविवारी तू तिघींना घेऊन आलीस. ठेवणीतले कपडे, बडबडीच्या केसांत तर चक्क नवी क्लिप. मी दालनात सहा पावलांवर प्रमुखबाई आणि दोन पाहुण्यांसोबत उभी होते. लंबीने पाटी मोठ्याने वाचली. चष्मेवालीने काचेला कपाळ टेकवलं, पहारेकरी काकांनी तिला मागे व्हायला सांगितलं, आणि ती मागे होता होता म्हणाली, अगं, तुझी मुरड कुठाय? तू वाकलीस. बराच वेळ वाकून बघत राहिलीस. तुला मुठीखालचा डाग दिसला, मी बघत होते, तुझी नजर तिथे थांबली. म्हणजे किटली कुणाची हे तुला कळलं होतं. मग तू मान वर केलीस आणि माझ्याकडे बघितलंस, एकदाच. आणि त्यांच्याकडे वळून म्हणालीस, ही माझी नव्हे गं, दुसरी आहे. माझी आत जपून ठेवली असेल.

बडबडी म्हणाली, काय बाई, एवढं मिरवलंस आणि दाखवायला दुसरीच! तू हसलीस. म्हणालीस, म्हातारपण, दुसरं काय, ऐकण्यात चूक झाली. ज्यांच्या समोर तू मुकादमाचे बूट भिजवलेस, त्यांच्यासमोर तू माझ्यासाठी खोटी पडलीस. आणि तेवढ्यात प्रमुखबाईंनी मला विचारलं, ह्या कोण? मी म्हणाले, कारखान्यातल्या जुन्या कामगार आहेत, मीच पास पाठवले होते. एवढंच. शब्द न शब्द खरा आणि तरी त्याच्याइतकं खोटं मी आयुष्यात बोलले नाही. तू ऐकलंस. तिघींना म्हणालीस, चला गं, मॅडमना काम असेल.

मॅडम! ज्या बाईने माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या तिने मला मॅडम म्हटलं. मला तिथेच जमीन दुभंगावी असं वाटलं. जमीन कसली दुभंगते! मी पाहुण्यांना पुढचं दालन दाखवायला गेले.

पुढचे आठवडे मी रोज त्या काचेवरून मान खाली घालून जात होते. मनाशी म्हणायचे, प्रदर्शन संपलं की सांगू. गेल्या मंगळवारी दारात पहारेकरी काका हसत हसत सांगायला लागले की मॅडम, त्या दिवशी तुमच्या त्या कारखान्यातल्या बाई आल्या होत्या ना, त्यातल्या एकीने जाताना मला बाजूला घेऊन काय सांगावं? म्हणे, त्या किटलीचं झाकण आता धरत नाही, कुणाला पाणी उकळून देऊ नका हो, हात भाजेल. जणू आम्ही तिच्यात चहाच करणार आहोत! काका खो खो हसले. मी तिथेच दाराशी बसले आणि रडले. इतकं सगळं झाल्यावर, सगळ्यांसमोर खोटी पडून बाहेर निघताना, तुला काळजी कसली, तर कुणाचातरी हात भाजेल ह्याची. साहेबांनी किटली काढली असेल गं, पण त्यांना हे सुचलं नसतं. मलाही नाही.

तशीच उठून डॉक्टरांकडे गेले आणि उभ्या उभ्या सगळं ओकले. खण उघडून त्यांनी एक फोटो काढला. डागडुजीआधी ते प्रत्येक वस्तूचा फोटो घेतात. त्यात तुझी मुरड होती, पक्कडीच्या दातांसकट, एक एक दात मोजावा इतकी स्वच्छ. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, मांडणीच्या बाई अपघात म्हणतात, मला पटलेलं नाही. मी विचारलं, मग सरळ का केलीत? म्हणाले, माझीही चूकच झाली, पण जाणतं माणूस समोर असताना मी धातूवर विश्वास कसा ठेवणार? मग आम्ही दोघं प्रमुखबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, बोललात ते खोटं माझ्याशी, पण पुसलंत ते तिचं. पाट्या लिहिण्याचं काम माझ्याकडून काढून घेतलंय. लेखी खुलासाही दिलाय, त्यात बहीण काय काम करायची ते मी पहिल्यांदाच खरं लिहिलं. शिक्षा झाली की हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. नाही वाटत. तू शिक्षा केलेली नाहीस ना, म्हणून असेल.

तर आता काम. किटली काचेतून काढलीय, डॉक्टरांच्या टेबलावर पांढऱ्या फडक्यावर ठेवलीय. ते म्हणतात की तिथला धातू दमलाय, एकदा मुरडला, एकदा सरळ केला, अजून एकदा वाकेल किंवा तुटेलही. फोटो बघून ते स्वतः वाकवू शकतील, पण वाकवणार नाहीत. मग ती त्यांची मुरड होईल म्हणतात, तुझी नाही. वाकवायची, तशीच ठेवून शेजारी फोटो लावायचा, की किटली उचलून घरी न्यायची आणि भावोजींना चहा द्यायचा, हे तू ठरवायचंस. माझ्या सहीला अर्थ नाही, वस्तू माझी नव्हती. नव्या पाटीवर साहेबांच्या नावाखाली एक ओळ कोरी सोडलीय, तुझ्या होकाराशिवाय ती कुणी भरणार नाही. सोमवारी संग्रहालय लोकांना बंद असतं. त्या दिवशी ये. तुझी ती जुनी पक्कड घेऊन ये, आमच्याकडच्या पक्कडींना तसे दात नाहीत. आणि त्या तिघींना आण, मुख्य म्हणजे त्यांना आण, कारण जे त्यांच्यासमोर केलं ते मला त्यांच्यासमोरच निस्तरायचंय. मी दारात उभी असेन. प्रमुखबाई, डॉक्टर, पहारेकरी काका, सगळे असतील आणि मी सांगेन की ही माझी सख्खी थोरली बहीण, शेवटच्या बाकावरची. तुला यायचं नसेल तर नको येऊस, तेही मला साजेसंच आहे. पण आलीस तर सगळ्यांदेखत दोन धपाटे घाल, हवं ते बोल, फक्त मॅडम म्हणू नकोस.

तुझीच, अजून तुझीच असेन तर,
शेंडेफळ